मामांची कंबर आणि माझा डावा पाय

मी पायाळू आहे. सगळं जग डोकं पुढे करून जन्माला येतं, मी पाय पुढे करून आले. आईला त्या दिवशी किती त्रास झाला ते ती मला अजूनही ऐकवते, आणि तेही मी जेवायला बसले की. पण आमच्या भागात पायाळू माणसाला जन्मासोबत एक नोकरीही मिळते. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की त्याला पायाळूच्या दारात आणून पालथं घालायचं आणि पायाळूने डाव्या पायाने त्याच्या कमरेवर हलकी लाथ मारायची. उसण उतरते, असं सगळे म्हणतात.

वसमतला माहेरी माझं लहानपण लाथा मारण्यात गेलं. हळदीची पोती उचलणारे हमाल यायचे, उसाच्या गाडीवरून पडलेले यायचे, शेजारच्या काकू तर सणासुदीलाही यायच्या. एकदा आमचे मुख्याध्यापक आले. सकाळीच त्यांनी मला पाढे चुकले म्हणून छडी मारली होती आणि संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर पालथे. त्या दिवशीची लाथ जरा मनापासून बसली. गुरुजी दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "लई गुण आहे पोरीच्या पायात."

माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मला न्हाणीत नेऊन बजावलं, "सासरी सांगू नको पायाळू हाय म्हनून. न्हाईतर संसार ऱ्हाईल बाजूला अन गावभर लाथा मारत हिंडशील. अन पायाळूवर ईज पडती म्हनत्यात. पावसाळ्यात तुला घराच्या भायेर बसवतील ते." मी तिला शब्द दिला आणि लग्न करून कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, डांबरी सोडून आत असलेल्या गावात आले.

सासरी शेती थोडी आणि शेळ्यामेंढ्या जास्त. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई. मामा उंच, काठीसारखे ताठ आणि अतिशय कमी बोलणारे. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. सुनेशी थेट बोलायचं नाही हा त्यांचा नियम. पण चहा तर लागतोच की माणसाला! मग ते दारातल्या काळ्या शेळीशी बोलायचे. "शेळे, इचार, च्या झाला का." मी आतून म्हणायचे, "शेळे, सांग, झाला." शेळी दोघांकडे आळीपाळीने बघायची. घरातली एकूण एक भानगड त्या शेळीला ठाऊक होती.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. संक्रांत होऊन गेली होती. मामा मेंढ्याची लोकर कातरायला बसले. भलादांडगा मेंढा होता. मामांनी त्याला उचलून आडवा करायला घेतला, तेवढ्यात मेंढ्याने हिसका दिला. मेंढा सुटला आणि कंबर अडकली. मामा जसे वाकले होते तसेच राहिले, ना वर येता येईना ना खाली जाता येईना. त्याच अवस्थेत जमिनीकडे बघत बघत ते घरी आले. मागून मेंढा आला, अर्धा कातरलेला.

एरवी कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. कंबर आहे, दुखते, राहते. पण वैशाखात माझ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं लग्न होतं. मामांची ती एकुलती एक लेक. आता कन्यादानाला बापाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं, आणि आमच्याकडचे भटजी म्हणजे एक एक मंत्र चावून चावून म्हणणारे. बापाला बसता आलं नाही तर चुलता बसतो.

आणि चुलता तयारच होता. मामांचे थोरले भाऊ, आमचे मोठे मामा, भिंतीला भिंत लागून राहायचे. त्यांना सगळे मुलगेच. कन्यादान करायची त्यांची जन्माची हौस तशीच राहिलेली. ते रोज सकाळी यायचे. "कशी हाय रे कंबर?" असं विचारत अंगणात टपकन मांडी घालून बसायचे, भिंतीला न टेकता. बोलून झालं की हात न टेकवता उठायचे. जाताना मायेने म्हणायचे, "तू काळजी करू नको. न्हाईच जमलं तर मी हाय की." ती माया बघून मामांचा जीव जळायचा.

एकदा मोठे मामा गेल्यावर मामा शेळीला म्हणाले, "शेळे, समद्याईला सांग. माह्या लेकीचा हात मीच देनार. दुसरं कोनी त्या पाटावर बसलं तर मी मांडवात पाय ठेवनार न्हाई." वन्सं आत डाळ निवडत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. मला त्या दिवशी मामांची पहिल्यांदा दया आली.

आत्याबाई हिशोबी बाई. त्यांनी चुलीशेजारी पाट मांडला आणि रोज संध्याकाळी मामांची परीक्षा सुरू केली. घड्याळ वगैरे नाही. आत्याबाई भाकरी करायला बसल्या की मामांनी पाटावर बसायचं, आणि किती भाकरींपर्यंत टिकतात ते बघायचं. कन्यादान म्हणजे अख्खी टोपली, असा त्यांचा अंदाज. पहिल्या दिवशी पहिली भाकरी थापून तव्यावर पडायच्या आत मामा कडेवर कलंडले.

पहिला इलाज आत्याबाईंचा. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेक दिला. तो बरा होता, पण त्याने समाधान होईना, म्हणून बिब्बा लावला. बिब्बा उतला, कातडीवर फोड आले. आता कंबर आतूनही दुखायला लागली आणि बाहेरूनही. मामा पालथे झोपायला लागले आणि शेळीशीसुद्धा बोलेनासे झाले.

मग ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टर भला माणूस होता. त्याने एक्स-रे खिडकीला धरून सांगितलं, "हाड शाबूत आहे. आतले स्नायू आखडलेत. वेळ लागेल. झोपून राहू नका, हळूहळू चालत राहा. हा व्यायाम करा. दुखलं तर ही गोळी, फिरताना हा पट्टा." इतकं सरळ बोलणं आमच्या घरात कुणाला पटतं? इंजेक्शन दिलं नाही म्हणून ह्यांना तो डॉक्टरच संशयास्पद वाटला. चालायचं सांगितलेलं सगळे विसरले. व्यायाम तर मामांनी एकदाच करून पाहिला. ओसरीवर उताणे झोपून एक पाय वर केला, तर सगळ्या शेळ्या बघायला गोळा झाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "ह्या वयात पाय वर करून झोपायचं? पाव्हनेरावळे आले म्हंजे?" व्यायाम तिथेच संपला. राहिल्या गोळ्या आणि पट्टा.

पट्टा मामा सदऱ्याच्या वरून बांधायचे. इतकी चांगली वस्तू आत कशाला लपवायची, असं त्यांचं म्हणणं. नाक्यावरच्या हॉटेलात लोक विचारायला लागले, "काहून हो, यष्टीत कंडक्टर लागले का?" संध्याकाळी परीक्षेला पट्ट्यासकट बसवायला गेलो तर मामा वाकेचनात. मी आणि ह्यांनी मिळून त्यांना खांब उतरवावा तसं पाटावर उतरवलं. ते बसले, थोडे डुलले, आणि ताठच्या ताठ आडवे झाले.

गोळ्यांनी मात्र चांगला गुण दिला. मामा अर्धी टोपली होईपर्यंत पाटावर बसले. आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी नीट कान दिला, तर मामा घोरत होते.

त्या झोपेने तर घात केला. मुलाकडची मंडळी जेवणाचं ठरवायला आली. मामा गोळी घेऊन खुर्चीत बसलेले. तिकडून विचारलं, बुंदीसोबत जिलबी ठेवायची का. मामांची मान खाली गेली. बँड दोन लावायचे का? मान खाली गेली. घोड्याऐवजी घोडी पाहिजे, चालेल का? मान खाली गेली. पाहुणे बाहेर पडताना म्हणत होते, "बाप म्हनावा तर असा! एका शब्दानं न्हाई म्हनला न्हाई." मामांना जाग आली तेव्हा दोन बँड ठरले होते.

आता गोळ्या बंद झाल्या आणि शिवरात्र आली. मामांचे एक लहानपणापासूनचे दोस्त होते, पलीकडच्या तांड्यावरचे. दोघांनी मिळून जनावरं राखलेली. ते दर शिवरात्रीला औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचे आणि येताना प्रसाद म्हणून भांग आणायचे. मामांची ती दशा बघून त्यांनी कनवटीतून पुडी काढली. "डाक्टरची गोळी दुखन्याला झोपवती," ते म्हणाले, "ही गोळी दुखन्याला हसवती. दोन्ही करून बघ."

ह्यांनी पेपर वाचून वाचून कायदा शिकला होता. ते म्हणाले, "काका, हे गुन्ह्यात बसतं."

"गांजा न्हाई रे पोरा, पाला हाय. देवाचा पाला. म्हादेवाला कोनी धरलं का आजवर?"

आत्याबाईंनी परवानगी दिली, पण आपल्यासमोर घ्यायची, दुधातून घ्यायची आणि बोराएवढीच घ्यायची, अशा अटी घातल्या. दोस्तकाकांनी बडीशेप, खसखस घालून पाटावरवंट्यावर भांग वाटली. मामांनी दुधासोबत गोळी घेतली आणि सगळे वाट बघत बसलो. काहीच होईना. आत्याबाईंनी पीठ मळलं, काही होईना. मामा म्हणाले, "ह्यो बी डाक्टरचाच भाऊ निघाला," आणि कुणी बघत नाहीसं पाहून दुसरी गोळी तोंडात टाकली. भांग पोटात गेली की सावकाश चढते, हे दोस्तकाका सांगणारच होते, पण ते तंबाखू मळत होते.

मग दोन्ही गोळ्या एकदम चढल्या. मामा पाटावर जाऊन बसले. आपले आपण, मांडी घालून, ताठ! आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मामा पाटाकडे वाकून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्याला पाय हायेत." आणि मग ते हसले. आधी खुसखुस, मग खदाखदा. "पाय असून बी ह्यो कुटं जात न्हाई!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामांचे दात किती सुंदर होते ते मला त्या दिवशी कळलं.

आत्याबाईंनी घाबरून विचारलं, "अहो, दुखून राहिलं का?"

"दुखून राहिलं की."

"मंग?"

"पन माह्यं न्हाई ते. शेजाऱ्याचं हाय."

भिंतीपलीकडे शेजारी म्हणजे मोठे मामा. ते भिंतीवरून डोकावून सगळं ऐकत होते. त्यांनी पटकन स्वतःच्या कमरेला हात लावून पाहिला.

परीक्षा सुरू झाली, पण निकाल काही लागला नाही. आत्याबाई भाकरी तव्यावरून काढायच्या आणि मामा टोपलीतून उचलून खायचे. किती वेळ बसले ते मोजणार कसं? घड्याळच खाऊन टाकलं त्यांनी.

तरी बसले होते हे खरं. ह्यांना उत्साह आला. म्हणाले, आता लगोलग कन्यादानाची तालीम करू. वन्सं समोर बसल्या, शेजारी आत्याबाई, आणि नवरदेव म्हणून ह्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. मामांनी वन्संचा हात धरून ह्यांच्या हातात द्यायचा होता. मामांनी हात धरला तो आत्याबाईंचा.

"अहो, माह्या न्हाई. तिचा," आत्याबाई म्हणाल्या.

"ही न्हाई द्यायची," मामा म्हणाले. "हिला मी कोनाला बी देनार न्हाई. लई ग्वाड भाकर करती."

आत्याबाई लाजून लाल झाल्या. हात ओढत होत्या, मामा सोडत नव्हते. आम्ही सगळे हसून हसून लोळायच्या बेताला आलो. मग मामांची नजर वन्संकडे गेली. ते त्यांच्याकडे बघतच राहिले. "आन हिला बी न्हाई," ते म्हणाले आणि लहान लेकरासारखे रडायला लागले. हसणं जिथल्या तिथे थांबलं. वन्सं उठून परसात गेल्या. थोड्या वेळाने मामांनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, च्या टाक."

थेट मला! मध्ये शेळी नाही, काही नाही. मी इतकी गडबडले की चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, आणि मामांनी तोही चांगला आहे म्हणून प्यायला.

सकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. डोकं जड, घसा कोरडा, आणि दुखणं शेजाऱ्याकडून परत आलेलं. पुन्हा सगळं शेळीमार्फत सुरू झालं. ते ऐकून मला वाईट वाटलं, रागही आला. एका संध्याकाळपुरती मी त्या घरात माणूस झाले होते.

त्या दिवशी ओसरीवर बैठक बसली. गोळी की भांग की पट्टा? ह्यांचं मत गोळीला, निदान डॉक्टरने दिलेली. आत्याबाईंचं मत, मला वाटतं, भांगेला होतं, पण त्या बोलल्या नाहीत. दोस्तकाका स्वतःच म्हणाले, "मांडवात हे चालनार न्हाई गड्या. तू भटजीचे पाय बघून हसत बसशील." मग मामा शेळीलाही मध्ये न घेता, कुणाकडेच न बघता बोलले. "गोळीनं झोप येती. भांगेनं हसू येतं. दुखनं दोन्हीनं कमीच होतं, न्हाई म्हनत न्हाई मी. पन लेक देतानी मला ना झोपायचं ना हसायचं. दुखलं तर दुखू द्या. मला कळलं पायजे का मी काय देऊन राहिलो."

दोस्तकाकांनी पुडी परत कनवटीला खोचली.

नेमकी त्याच आठवड्यात माझी आई लग्नाची साडी-चोळी घेऊन वसमतहून आली. मामांची ती वाकलेली मूर्ती बघितली आणि तिचं तोंड सुटलं. "अगं बाई! अन तू काहून गप बसलीस? पायाळू घरात अन ईवाई कंबर धरून बसलेत!" माझ्याकडून शब्द घेणारी बाई! बोलून झाल्यावर तिने जीभ चावली, पण उपयोग काय. सगळं घर माझ्या पायांकडे बघायला लागलं. मी पदर ओढून पाय झाकले.

आत्याबाईंना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. पण मामा जेवढे सरळ होता येईल तेवढे सरळ झाले. "शेळे, सांग त्यांना. सुनेचा पाय अंगाला? मेलो तरी न्हाई." खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. हमाल वेगळे, गुरुजी वेगळे. सासऱ्याला लाथ कशी मारायची?

मग मधला मार्ग शोधणं सुरू झालं. ह्यांनी सुचवलं, पायात मोजा घाल. मामा म्हणाले, मोज्यात पायच असतो. आत्याबाई म्हणाल्या, मधे गोधडी धरा. गोधडी धुवायला पडली होती. मग मोठे मामा म्हणाले, भिंतीतून मारा. तेही करून पाहिलं. मामा भिंतीला पाठ लावून पलीकडे उभे राहिले आणि मी अलीकडून भिंतीला लाथ मारली. मातीचा गिलावा पडला आणि माझा अंगठा सुजला. शेवटी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, बाबाला न्हाई तर पट्ट्याला मारा. मंग पट्टा बाबाला बांधू."

सगळे वन्संकडे आदराने बघायला लागले. पट्टा पाटावर ठेवला. आत्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मी देवाचं नाव घेऊन डाव्या पायाने लाथ मारली, तर तो उडून शेळ्यांच्या पाण्याच्या डोणीत पडला. तो वाळवला आणि मामांना बांधला. मामा अंगणात चार पावलं चालले, थांबले. "शेळे," ते म्हणाले, "फरक हाय म्हनावं."

फरक होता म्हणून ते मेंढरांमागे जायला लागले. मेंढरांमागे चालून चालून अंग मोकळं होत गेलं. चालत राहा हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्याने ते लाथ मारून सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "पट्टा लागू पडला बघा." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. संध्याकाळच्या परीक्षेत मामा आता टोपली भरत आली तरी बसायचे. शेवटच्या काही भाकरी मात्र कधीच पूर्ण झाल्या नाहीत.

लग्न आलं. दोन्ही बँड आले, घोडीही आली. मामा नव्या धोतरात, पट्टा आतून बांधून, पाटावर बसले. मोठे मामा नवा फेटा बांधून मागेच बसलेले, राखीव. भटजींनी मंत्र चावायला सुरुवात केली. मी आणि आत्याबाई मनातल्या मनात भाकरी मोजत होतो. टोपली निम्मी झाली. पाऊण झाली. मग मामांचे कान लाल झाले, कपाळावरून घाम वाहायला लागला. ते एका बाजूला कलायला लागले. आत्याबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

मोठे मामा उठले. मामांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. आता हे म्हणणार सरक, असंच मला वाटलं, आणि मला तो म्हातारा त्या क्षणी अगदी नको झाला. मोठे मामा आले, मामांच्या मागे त्यांच्याकडे पाठ करून, पाठीला पाठ लावून टपकन मांडी घालून बसले. "टेक," एवढंच म्हणाले.

मामा टेकले. महिनोन्महिने भिंतीला न टेकता बसायचा सराव केलेली ती पाठ जरासुद्धा हलली नाही. मामांनी वन्संचा हात धरून नवरदेवाच्या हातात दिला. झोपेत नाही, हसत नाही. त्यांना सगळं कळत होतं, ते तोंडावर दिसत होतं.

पण पाठवणीच्या वेळी ते उठेनात. जीप लागली होती. मुलीला बापाने गाडीपर्यंत सोडायचं असतं. वन्सं पाया पडून पडून सगळ्यांच्या गळ्यात पडून रडत होत्या, बायका रडत होत्या, आणि मामा पाटावरच. दोन्ही हात टेकून पाहिले, नाही. दोस्तकाकांनी हळूच कनवटीला हात लावून खूण केली. मामांनी मान हलवली, नको. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेळी घरी होती.

"सूनबाई," ते म्हणाले.

मी पुढे झाले.

"ही ल्हान व्हती तवा रोज सांजच्याला माह्या पाठीवर नाचायची. पाय दे म्हनलं का द्यायची. लेकीच्या पायानं पाप लागत न्हाई." त्यांनी एकदा जीपकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक लेक चालली. एक हाय न्हवं घरात? मार."

आणि मामा फेटा बाजूला ठेवून, नव्या धोतरासकट, मांडवात सतरंजीवर पालथे झाले. सगळं वऱ्हाड बघत होतं. दोन्ही बँड थांबले. मी साडी सावरली. मला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मुख्याध्यापकांना मारली होती तशी ती लाथ नव्हती. पाय नुसता टेकला त्यांच्या कमरेवर.

मामा आधी गुडघ्यांवर आले, मग उभे राहिले. पूर्ण सरळ नाही, पण उभे. कुणाचाही हात न धरता ते वन्संना जीपपर्यंत घेऊन गेले, आत बसवलं, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. जीप डांबरीला लागेपर्यंत तिथेच थांबले.

कशाने उठले? गोळीने, पट्ट्याने, चालण्याने, भावाच्या पाठीने की माझ्या पायाने, मला सांगता येणार नाही. मला विचारायला वेळही मिळाला नाही, कारण मी वळून बघते तर त्याच सतरंजीवर नवरदेवाचे काका पालथे पडले होते आणि त्यांच्यामागे आणखी माणसं उभी होती. माझी आई मांडवाच्या खांबाला टेकून कपाळावर हात मारून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर अगदी रिकामं वाटत होतं. वन्संची ओढणी दोरीवर तशीच होती. मामा कमरेवर हात ठेवून ओसरीवर आले, खांबाला टेकले.

"पोरी, च्या झाला का?" त्यांनी विचारलं.

शेळीने सवयीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "झाला, मामा," मी म्हटलं, आणि कप त्यांच्या हातात दिला.